ना तुझा, ना माझा : दोन देशांनी मिळून बनवलेला फुटबॉल

— एक कॅडेट, इयत्ता दहावी

जगात एक आंतरराष्ट्रीय सामना असा आहे, की त्यात खेळला जाणारा खेळ दोन्ही संघांपैकी कोणाचाच नाही. एक संघ ऑस्ट्रेलियाचा आणि दुसरा आयर्लंडचा. दोघांचाही स्वतःचा वेगळा फुटबॉल आहे, आणि आपण शाळेच्या मैदानावर जो खेळतो त्याच्याशी या दोन्हींचे नाते लांबचे आहे. एकमेकांशी सामना खेळता यावा म्हणून त्यांनी आपापल्या खेळातले थोडे नियम ठेवले, थोडे सोडले आणि मधला एक खेळ तयार केला. त्याचे नाव इंटरनॅशनल रूल्स फुटबॉल.

आमच्या आंतर-हाऊस प्रश्नमंजूषेत एकदा प्रश्न आला होता : कोणत्या खेळात एकाच गोलपोस्टवर सहा, तीन आणि एक असे तीन प्रकारचे गुण मिळतात? दोन्ही संघ गप्प बसले. उत्तर ऐकल्यावर मला उत्सुकता वाटली. सुट्टीत नाशिकला घरी गेलो तेव्हा या खेळाचे जुने सामने पाहिले आणि जे मिळाले ते वाचून काढले. तेव्हा कळले की या खेळावर त्याच्या प्रेक्षकांचा फार जुना वाद आहे. काही म्हणतात, हा खेळ टिकलाच पाहिजे. काही म्हणतात, ही खिचडी आहे, बंद करा. हा वाद मला खेळाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो समजण्यासाठी आधी दोन्ही मूळ खेळ थोडक्यात पाहू.

दोन घराणी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले लेखी नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली तयार झाले. चेंडू लांबट अंड्यासारखा, मैदानही लंबगोल. एका संघात अठरा खेळाडू. गोलरक्षक नाही आणि आडवा दांडाही नाही. प्रत्येक टोकाला चार उभे खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने चेंडू मारला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा एक गुण. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण अधूनमधून तो जमिनीवर आपटावा लागतो. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत कुठेही पकडून खाली पाडता येते. दुसऱ्याने लांबून मारलेला चेंडू हवेत झेलला की ‘मार्क’ मिळतो, म्हणजे झेलणाऱ्याला कोणी अडवायचे नाही, त्याने निवांत किक मारायची.

आयर्लंडच्या खेळाचे नाव गेलिक फुटबॉल. तो चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १८८४ साली थर्ल्स या गावात स्थापन झाली. इथे चेंडू गोल, मैदान आयताकृती, संघात पंधरा खेळाडू. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा : खाली जाळी आणि गोलरक्षक, वर उंच दोन खांब. जाळीत चेंडू गेला तर तीन गुण, दांड्यावरून गेला तर एक. (अगदी लांबून दांड्यावरून मारला तर दोन गुण, असा नियम २०२५ पासून आला आहे.) चेंडू हातात घेऊन चार पावले टाकता येतात, मग तो जमिनीवर आपटायचा किंवा बुटाच्या टोकावरून उडवून परत हातात घ्यायचा. मात्र प्रतिस्पर्ध्याला कवेत धरून पाडणे या खेळात चालत नाही. खांद्याला खांदा लावून ढकलता येते आणि उघड्या पंजाने चेंडू उडवता येतो, तेवढेच.

आणखी एक मोठा फरक आहे. ऑस्ट्रेलियातले वरच्या दर्जाचे खेळाडू व्यावसायिक आहेत. खेळणे हीच त्यांची नोकरी. गेलिक फुटबॉलपटू हौशी असतात. त्यांना खेळाचा पगार मिळत नाही. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी पोलिसात. आपल्या मासिकाच्या वाचकांना आवडेल असे एक उदाहरण सांगतो. रॉसकॉमन काउंटीचे नामांकित फुटबॉलपटू डर्मट अर्ली हे सैन्यात अधिकारी होते. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले आणि २००७ मध्ये आयर्लंडच्या संरक्षण दलांचे प्रमुख झाले. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.) हौशी खेळाडूचे आयुष्य कसे असते, ते यावरून कळते. काम वेगळे आणि खेळ वेगळा, आणि दोन्ही पूर्ण करायचे.

कोणी काय दिले

१९६७ साली हॅरी बाइट्झेल या माजी पंचाने ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा एक संघ जमवला आणि तो परदेश दौऱ्यावर नेला. रॉन बारासी कर्णधार होते. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर बहुतांशी गेलिक नियमांनी खेळून या संघाने त्या वर्षीच्या आयर्लंड विजेत्या मीथ काउंटीला हरवले. पुढच्या वर्षी मीथचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला. या भेटीगाठींतून मिश्र नियमांची कल्पना पुढे आली आणि १९८४ साली दोन देशांमध्ये पहिली अधिकृत मालिका आयर्लंडमध्ये झाली. तीन सामन्यांची ती मालिका ऑस्ट्रेलियाने जिंकली.

आता मिश्र खेळात कोणाचे काय राहिले ते पाहा.

आयर्लंडचे राहिले : गोल चेंडू, आयताकृती मैदान, आडवा दांडा, जाळी, गोलरक्षक आणि पंधरा खेळाडू.

ऑस्ट्रेलियाचे राहिले : मार्क, खेळाचे चार भाग, जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलण्याची मुभा (गेलिक खेळात तो आधी पायाने उचलावा लागतो), बाजूचे दोन खांब आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे टॅकल, मात्र तो खांद्यापासून मांडीपर्यंतच.

गुण असे : जाळीत गोल सहा, दांड्यावरून ‘ओव्हर’ तीन, बाजूच्या खांबांमधून ‘बिहाइंड’ एक. गुणफलक तीन आकड्यांत लिहितात. १-४-५ म्हणजे एक गोल, चार ओव्हर, पाच बिहाइंड, एकूण २३.

दोघांनीही काहीतरी सोडले, पण दोघांनी सोडलेल्या गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. ऑस्ट्रेलियन खेळाडूने लहानपणापासून हातात असलेला चेंडू सोडला. लांबट चेंडूला मारायची किक गोल चेंडूवर चालत नाही, तो भलतीकडेच जातो. म्हणजे त्याने आपले कौशल्य सोडले. आयरिश खेळाडूने अंगाची सुरक्षितता सोडली. ज्याला घरच्या खेळात कोणी कवेत धरत नाही, तो इथे रोज व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूच्या पकडीत सापडतो. प्रेक्षकांच्या वादाचे मूळ मला इथेच दिसते. एका बाजूला वाटते आमचा चेंडू गेला, दुसरीला वाटते आमची हाडे गेली.

आमच्या मैदानावरचा प्रयोग

वाचून पुरेसे समजेना, म्हणून आंतर-हाऊस स्पर्धा संपल्यावर एका रविवारी आम्ही हा खेळ खेळून पाहिला. पी.टी. उस्तादांची परवानगी घेतली. फुटबॉलच्या गोलपोस्टला बांबू बांधून खांब उंच केले आणि दोन्ही बाजूंना उंच उडीचे स्टँड ठेवले. चेंडू आपला नेहमीचाच. नियम ठरवायलाच अर्धा तास गेला. हरियाणाचा माझा मित्र कबड्डी खेळतो. त्याला टॅकल हवा होता. बास्केटबॉलवाल्यांना अजिबात नको होता. शेवटी उस्ताद म्हणाले, “कमरेच्या वर धरायचे, खाली पाडायचे नाही. कोणी पाडले तर मैदानाला पाच फेऱ्या.” मग वाद मिटला.

खेळताना मजेशीर गोष्टी दिसल्या. आमचे पट्टीचे फुटबॉलपटू चेंडू हातात घ्यायलाच विसरत होते. बास्केटबॉलवाले चेंडू आपटत सुसाट पळत होते, पण पळता पळता किक मारायची वेळ आली की गडबडत होते. दहाव्या मिनिटापर्यंत सगळे सारखेच नवशिके झाले. नेहमी राखीव बसणारा एक मुलगा उत्तम झेल घेत होता. तो त्या दिवशी सगळ्यांत उपयोगी ठरला.

शेवटी लाल हाऊसचे गुण १-४-५, म्हणजे २३. हिरव्या हाऊसचे ०-६-४, म्हणजे २२. लाल एका गुणाने जिंकले. रात्री प्रेपला मी वहीत थोडे गणित केले. हाच सामना गेलिक पद्धतीने मोजला असता तर बिहाइंडला किंमत नाही, गोलचे तीन आणि ओव्हरचा एक : लाल सात, हिरवे सहा. लालच विजयी. पण ऑस्ट्रेलियन पद्धतीने मोजले तर आडवा दांडाच नाही, मधल्या खांबांतून गेलेला प्रत्येक चेंडू गोल. लालचे पाच गोल आणि पाच बिहाइंड म्हणजे ३५. हिरव्यांचे सहा गोल आणि चार बिहाइंड म्हणजे ४०. हिरवे विजयी!

मैदानावर तेच घडले, तेच खेळाडू, त्याच किका, पण मोजणारा बदलला की जिंकणारा बदलतो. त्या वेळी मला कळले की नियम ठरवताना दोन देश इतके का भांडतात. सामना सुरू होण्याआधीच त्याचा बराचसा भाग नियमांच्या बैठकीत खेळला जातो.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे

जे प्रेक्षक या खेळाच्या विरोधात आहेत, त्यांचे मुख्य आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप असा की हा खेळ कोणी वर्षभर खेळतच नाही. त्याचे क्लब नाहीत, शाळांमध्ये तो शिकवत नाहीत. आपापला हंगाम संपल्यावर खेळाडू काही दिवस सराव करतात आणि मैदानात उतरतात. मग यातून श्रेष्ठ कोण ते कसे ठरणार? शिवाय हंगाम संपल्यावर दमलेल्या खेळाडूला दुखापत झाली तर नुकसान त्याच्या मूळ क्लबचे किंवा काउंटीचे. त्यामुळे कधी कधी चांगले खेळाडू येत नाहीत. २०१३ मध्ये क्रोक पार्कवर आयर्लंडने ११६–३८ असा विजय मिळवला. एवढ्या एकतर्फी सामन्यात आयरिश प्रेक्षकांनाही मजा वाटली नसावी. तीस हजारांहून कमी लोक आले होते, आणि त्या मैदानात ऐंशी हजारांहून जास्त मावतात.

दुसरा आक्षेप हिंसेचा आहे आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या मालिकेत मारामारी झाली. २००६ मध्ये क्रोक पार्कवर ८२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर दुसरा सामना झाला. पहिल्याच भागात मोठी धुमश्चक्री झाली. आयर्लंडच्या ग्रॅहम गेराटी याला टॅकलमध्ये असा मार लागला की त्याला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. संघ मैदानावर परत न्यावा की नाही, असा विचार आयर्लंडचे व्यवस्थापक शॉन बॉयलन यांच्या मनात आला होता. संघ खेळला, आणि ६९–३१ असा हरला. त्यानंतर २००७ ची मालिका रद्द झाली. आजवरची सर्वांत मोठी गर्दी ज्या सामन्याला झाली, त्याच सामन्याने मालिका थांबवली.

तिसरा आक्षेप मुले नेण्याचा आहे. ऑस्ट्रेलियन क्लब आयर्लंडमधली हुशार मुले हेरतात आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पगार देऊन पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेतात. ज्या गावाने त्याला एक पैसाही न घेता दहा वर्षे शिकवले, ते गाव बघत राहते. मिश्र सामने म्हणजे या भरतीचे प्रदर्शनच आहे, असे काही आयरिश प्रेक्षकांना वाटते. यात काही मुले खूप मोठी झाली. डब्लिनचा जिम स्टाइन्स १९८४ मध्ये अठराव्या वर्षी मेलबर्नला गेला. १९९१ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे सर्वोच्च वैयक्तिक पदक, ब्राउनलो पदक, मिळवले. त्याने सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. केरी काउंटीच्या टायग केनेलीने २००५ मध्ये सिडनी स्वान्सकडून ऑस्ट्रेलियन विजेतेपद मिळवले, मग घरी परतून २००९ मध्ये केरीकडून अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. दोन्ही मिळवणारा तो पहिलाच. पण अशी नावे थोडी. बरीच मुले थोड्या वर्षांत परत येतात. मी दहाव्या वर्षी ट्रंक घेऊन या शाळेत आलो, म्हणून त्या मुलांचे पहिले काही आठवडे कसे गेले असतील याचा मला थोडा अंदाज आहे. फरक एवढाच, की मला दिवाळीला घरी जाता येत होते.

बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे

आता दुसरी बाजू. ती समजायला आयर्लंडचा इतिहास थोडा माहीत हवा.

गेलिक खेळ हे आयर्लंडच्या स्वाभिमानाचे चिन्ह होते. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कवर फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला आणि चौदा माणसे मेली. त्यांत मायकेल होगन हा खेळाडू होता. मैदानातल्या एका मोठ्या प्रेक्षागृहाला आज त्याचे नाव आहे. असोसिएशनच्या सभासदांना रग्बी, सॉकर, क्रिकेट, हॉकी हे इंग्रजी मानले गेलेले खेळ खेळायला कितीतरी वर्षे बंदी होती. ती १९७१ मध्ये उठली. म्हणजे १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियन संघ आला तेव्हा बंदी चालूच होती. पण ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल त्या यादीत नव्हता.

अशा खेळाचा खेळाडू आयुष्यभर आपल्या गावासाठी आणि काउंटीसाठी खेळतो. देशासाठी खेळायची संधी त्याला मिळत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही देशाकडे त्या तोडीचा संघ नाही. ऑस्ट्रेलियन खेळाडूचेही तेच. क्रिकेटपटूला, हॉकीपटूला देशाची जर्सी मिळते. या दोघांना जगात ती मिळण्याची ही एकच जागा. मालिकेच्या चषकाला कॉर्मॅक मॅकअनॅलन याचे नाव आहे. टिरोन काउंटीचा हा खेळाडू आयर्लंडकडून या मालिकेत खेळला होता. २००४ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. त्याच वर्षापासून हा चषक दिला जातो. ज्या खेळाला काही प्रेक्षक खिचडी म्हणतात, त्याच्या चषकाला आयर्लंडच्या एका लाडक्या खेळाडूचे नाव आहे.

समर्थकांचा दुसरा मुद्दा आकड्यांचा. १९८४ पासून २०१७ पर्यंत पुरुषांच्या वीस मालिका झाल्या. ऑस्ट्रेलियाने दहा जिंकल्या, आयर्लंडने दहा. व्यावसायिक आणि हौशी यांच्यात बरोबरी! २००८ मध्ये आयर्लंडने ऑस्ट्रेलियात जाऊन एक सामना ४५–४४ आणि दुसरा ५७–५३ असा जिंकला. २०१५ चा एकमेव सामना ५६–५२ असा सुटला. नियम इतके पक्षपाती असते, तर निकाल असे लागले नसते. महिलांची मालिकाही २००६ मध्ये झाली आणि ती आयर्लंडने जिंकली.

तिसरा मुद्दा, दोन्ही खेळ एकमेकांकडून शिकतात. मिश्र सामन्यांत वर्षानुवर्षे दिसणारा मार्क २०१७ पासून गेलिक फुटबॉलमध्येही एका स्वरूपात आला. आणि मिश्र नियम ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आयर्लंडचा हर्लिंग आणि स्कॉटलंडचा शिंटी हे दोन्ही काठीने खेळायचे खेळ. त्यांचेही दोन देशांमध्ये मिश्र नियमांनी सामने होतात.

आपल्या जवळचे उदाहरण

हे सगळे वाचताना मला सारखी कबड्डी आठवत होती. माझे आजोबा तिला हुतुतू म्हणतात. आमच्या हाऊसमधला तमिळ मित्र सडुगुडू म्हणतो, बंगाली मित्र हाडुडू. गेल्या शतकात महाराष्ट्रातल्या आणि इतर प्रांतांतल्या खेळप्रेमींनी एकत्र बसून नियम जुळवले. कोणाला आपल्या गावची पद्धत सोडावी लागली असणार, आणि ती सोडताना वाईटही वाटले असणार. पण आज आमच्या हाऊसच्या संघात चार राज्यांची मुले एकाच नियमाने खेळतात. त्याच वेळी पंजाबात वर्तुळातली कबड्डी जोरात चालू आहे. ती बुडाली नाही.

मात्र एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. कबड्डीत जुळवलेले नियम पुढे सगळ्यांच्या घरचे झाले. गावोगावी मुले त्याच नियमांनी वाढली. इंटरनॅशनल रूल्सला असे घर मिळाले नाही. मालिका संपली की दोघेही आपापल्या चेंडूकडे परत जातात. म्हणून हा खेळ सवयीवर चालत नाही. दरवेळी दोघांनी नव्याने एकमेकांवर विश्वास ठेवला तरच तो चालतो.

माझे मत

दोन्ही बाजू वाचून माझे मत असे झाले आहे की हा खेळ टिकावा. पण समर्थकांनी विरोधकांचे ऐकले, तरच तो टिकेल.

पहिल्या आक्षेपाबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. खेळ कोणाचाच नसला, की दोघेही थोडे नवशिके असतात. आमच्या मैदानावरही त्यामुळेच राखीव मुलाला संधी मिळाली. चांगले खेळाडू पाठवले की सामना चांगला होतो. २०१३ च्या मोठ्या पराभवानंतर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने आपल्या सर्वोत्तम वर्षसंघात मान मिळालेले खेळाडूच निवडले, आणि पर्थला सामना चुरशीचा झाला : ५६–४६.

तिसऱ्या आक्षेपावर मिश्र सामने बंद करणे हा उपाय नाही. सामने थांबले म्हणून क्लबांनी मुले न्यायची थांबवली नाहीत. २०२२ मध्ये जीलाँगने ऑस्ट्रेलियन विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्या संघात झॅक टूई आणि मार्क ओकॉनर हे दोन आयरिश खेळाडू होते. मधल्या पाच वर्षांत मालिका झालेली नव्हती.

दुसरा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. टॅकल हा ऑस्ट्रेलियाने खेळात आणलेला नियम. तो कसा करायचा आणि कुठे थांबायचे, हे त्यांच्या खेळाडूला लहानपणापासून माहीत असते. आयरिश खेळाडूला माहीत नसते. ज्याला एखादी गोष्ट जास्त येते, त्याच्यावर ती जपून वापरण्याची जबाबदारी जास्त. आम्हाला बॉक्सिंग शिकवताना उस्ताद पहिल्या दिवशी हेच सांगतात, की जोडीदार नवा असेल तर ठोसा मोजून मारायचा, कारण तो तुमच्यावर विश्वास ठेवून रिंगणात आला आहे. २००८ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा टॅकलचे नियम कडक केले होते, आणि त्याच वर्षी दोन्ही सामने मिळून निकाल फक्त पाच गुणांच्या फरकाने लागला. अंगावर धावून जाणे कमी झाल्याने खेळ मिळमिळीत होतो, हे म्हणणे त्या वर्षी तरी खोटे ठरले.

२०१७ नंतर मालिकेत मोठा खंड पडला. दहा-दहा अशी बरोबरी तशीच राहिली. काही प्रेक्षकांना वाटते, बरोबरीवर थांबलेलेच चांगले. मला तसे वाटत नाही. आयर्लंडमध्ये माझ्या वयाचा कोणी मुलगा आज संध्याकाळी शाळा सुटल्यावर गोल चेंडू बुटावरून उडवत धावत असेल. तो काउंटीचा सर्वोत्तम खेळाडू झाला, तरी देशाची जर्सी त्याला या एकाच सामन्यात मिळू शकते. नियम कोणाचे किती, हे मोठ्यांनी बैठकीत बसून भांडून ठरवावे. पण सामना व्हावा.